ओळखीतून नको, रांगेतून घ्या

पत्र

‘लग्नाला नऊ वर्षं झाली. मी ३६ वर्षांची, हे ३९. तीनदा आयव्हीएफ केलं, शेवटच्या वेळी अडीच महिन्यांनी सगळं संपलं. आता मूल दत्तक घ्यायचं आमच्या दोघांचं ठरलंय, पण कुणाचं ऐकावं कळत नाही. नणंदेच्या ओळखीच्या एक नर्सबाई म्हणतात, तालुक्याच्या गावी एका नर्सिंग होममध्ये एका मुलीची दिवाळीच्या सुमारास डिलिव्हरी आहे. लग्न झालेलं नाही. दवाखान्याचं बिल आणि वर चार लाख दिले तर जन्मदाखला थेट आमच्या नावाने निघेल. सासूबाई म्हणतात, काही महिने माहेरी जाऊन राहा आणि बाळ घेऊनच ये, म्हणजे प्रश्नच नको. ह्यांचे एक मित्र एका संस्थेच्या ट्रस्टींना ओळखतात. देणगी दिली तर नंबर वर घेतील, असं ते म्हणाले. ऑनलाइन नोंदणी केली तर कित्येक वर्षं थांबावं लागतं म्हणे. महाराष्ट्रातली चांगली, विश्वासू संस्था कोणती आणि ती ओळखायची कशी?’

— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर

प्रिय मैत्रीण,

अडीच महिन्यांनी जे संपलं ते तुम्ही एका वाक्यात लिहिलंत आणि पुढे गेलात. मला त्या वाक्यापाशी थांबावंसं वाटलं. त्या बाळाचं दुःख अजून ताजं असेल तर त्याला वेळ द्या, दोघं मिळून त्याबद्दल बोला. दत्तक येणारं मूल त्याची जागा भरायला येणार नाही, त्याला स्वतःची जागा लागेल. दत्तकाआधी गृहभेटीला येणारी समाजकार्यकर्ती हे तुम्हाला विचारेल. तेव्हा ‘ते सगळं मागे पडलं हो’ असं चटकन सांगून मोकळ्या होऊ नका. आजही वाईट वाटतं, हे खरं असेल तर तेच सांगा. अशा उत्तराने कुणाचा अर्ज फेटाळला जात नाही.

आता नर्सबाई. त्यांना नाही म्हणा, आणि आजच म्हणा. त्या जे सांगताहेत त्याला बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये मुलाची खरेदी-विक्री म्हणतात. कलम ८१ खाली त्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. दवाखान्यातलीच माणसं सामील असली तर त्यांना तीन ते सात वर्षं. कायद्याची पद्धत डावलून अनाथ, टाकलेलं किंवा सोडून दिलेलं मूल दत्तक घेतलं-दिलं तर कलम ८० आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद. शिवाय जन्माची खोटी नोंद हा वेगळाच गुन्हा. पण तुरुंगाची भीती घालण्यासाठी मी हे लिहीत नाहीये. अशी प्रकरणं एखादी साखळी पकडली गेली की वर्षा-दोन वर्षांनी, कधी त्याहून उशिरा उघडकीला येतात. तोवर ते मूल तुम्हाला आई म्हणायला लागलेलं असतं. पोलीस येतात, बालकल्याण समिती मुलाला ताब्यात घेते आणि ते शिशुगृहात अनोळखी पाळण्यात झोपतं. त्यात त्या मुलाचा काय दोष?

आणि त्या मुलीचा विचार करा, जिच्याबद्दल तुमच्या पत्रात फक्त ‘डिलिव्हरी आहे’ एवढंच आलंय. तिला काय हवं आहे हे कुणी विचारलंय का? कायद्याने तिला बाळ सोडायचं असेल तर ती बालकल्याण समितीपुढे तसं लिहून देऊ शकते. तिचं नाव गुप्त राहतं, आधी तिचं समुपदेशन होतं, आणि लिहून दिल्यावरही फेरविचाराला ६० दिवस मिळतात. त्या साठ दिवसांत मन बदललं तर बाळ तिचंच. नर्सिंग होमच्या सौद्यात हे साठ दिवस तिच्याकडून हिसकावून घेतले जातात. ती अठराच्या आतली असेल तर प्रकरण पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली येतं आणि ते लपवणाराही अडकतो. म्हणून नुसतं ‘नाही’ म्हणून थांबू नका. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा नंबर आहे, तिथे कळवा, किंवा सांगलीच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन सांगा. नणंदेचं नातं मध्ये आहे, तुम्हाला जड जाईल, हे मी समजू शकते. तरीही सांगा. तुम्ही घेतलं नाहीत तर ते बाळ दुसऱ्या कुणाला तरी विकलं जाईल.

एक गोष्ट तुमच्या यजमानांनाही वाचून दाखवा. जन्मदाखल्यावर आपलं नाव यावं म्हणून हा सगळा आडमार्ग असेल तर त्याची गरजच नाही. रीतसर दत्तक आदेश झाला की जन्म नोंदणी कार्यालय मुलाचा दाखला आई-वडील म्हणून तुमच्याच नावाने देतं. तो खरा असतो, पासपोर्टपासून वारसा हक्कापर्यंत सगळीकडे चालतो. हा आदेश पूर्वी न्यायालय देत असे. कायद्यातली २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली आणि ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आलं.

ट्रस्टींच्या ओळखीचं थोडं मागे जाऊन सांगते, कारण ही समजूत कुठून आली ते कळलं की ती सोडणं सोपं जातं. पूर्वी आपण संस्थेत जाऊन नाव नोंदवायचो आणि कोणतं मूल कोणत्या घरी द्यायचं ते संस्था ठरवायची. पुष्कळ संस्थांनी ते काम जीव ओतून केलं. काहींनी त्याचा बाजार मांडला. परदेशी दत्तकात काही खासगी संस्था करत असलेले गैरप्रकार एका वकिलाने पत्र लिहून सर्वोच्च न्यायालयाला कळवले, त्यातून लक्ष्मीकांत पांडे खटल्याचा १९८४ चा निकाल आला आणि दत्तकाला पहिल्यांदा शिस्त लागायला लागली. त्यानंतरही पुण्यातल्या एका संस्थेचं प्रकरण उच्च न्यायालयात आणि सीबीआयच्या चौकशीपर्यंत गेलं. १ ऑगस्ट २०१५ पासून मात्र सगळी नोंदणी देशभर एका ऑनलाइन रांगेत आली. ती रांग केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’ चालवतं. तुमचा क्रमांक तुमच्या नोंदणीवरून ठरतो आणि मुलाची माहिती त्या क्रमाने तुमच्यापर्यंत येते. कोणत्याही ट्रस्टीला तो क्रमांक हलवता येत नाही. आणि इच्छुक पालकांकडून देणगी घ्यायला संस्थेला मनाई आहे, रोख असो की वस्तू, थेट असो की आडून. मग देणगीच्या बदल्यात नंबर वर घेतो म्हणणारा माणूस एकतर तुम्हाला फसवतोय, नाहीतर रांगेबाहेरचं मूल देऊ पाहतोय. त्या मित्राला दुखवायची गरज नाही. ‘आम्ही कारामध्ये नाव घातलंय’ एवढं सांगा, पुरे.

खर्चही ठरलेला आहे. सध्याच्या नियमावलीप्रमाणे गृहअभ्यासाचे, म्हणजे समाजकार्यकर्ती घरी येऊन तुमच्याबद्दल जो अहवाल करते त्याचे ६,००० रुपये, मूल स्वीकारताना बाल काळजी निधीचे ५०,००० आणि नंतरच्या पाठपुरावा भेटींचे प्रत्येकी २,०००. प्रत्येक रकमेची पावती मिळाली पाहिजे. यापलीकडे कुणी ‘मुलाच्या दुधाचं’, ‘इमारत निधीचं’ काही मागितलं तर तिथेच थांबा आणि जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांना कळवा.

‘रांग सरकारीच आहे तर संस्था निवडायची कशाला,’ असं कुणी तरी तुम्हाला म्हणेलच. त्यांच्याशी मी सहमत नाही. तुमच्या वाटेत साधारणपणे दोन संस्था येतात. एक तुमच्या घराजवळची, जी तुमचा गृहअभ्यास करते. ती नोंदणी करताना तुम्ही निवडता. दुसरी ती, जिथे तुमचं मूल वाढतंय. ती नागपूरची असेल, ओडिशातलीही असेल. तिची निवड तुमच्या हातात नसते, पण ती कशी आहे हे जोखणं नक्कीच असतं.

पहिल्यांदा मान्यता बघा. दत्तक देण्याचं काम फक्त ‘विशेष दत्तक संस्था’ म्हणून राज्य शासनाने मान्यता दिलेल्या संस्थाच करू शकतात. आपल्याकडे ‘आश्रम’ हा शब्द सरसकट वापरतात आणि तिथेच घोटाळा होतो. बालगृह वेगळं, वसतिगृह वेगळं, विशेष दत्तक संस्था वेगळी. एखादे सत्पुरुष निराधार मुलांसाठी आश्रम चालवत असतील, त्यांचं काम मोठंही असेल, पण त्या आश्रमाला दत्तक देण्याची मान्यता नसेल तर ते तुम्हाला दारातून मूल देऊ शकत नाहीत. मान्यताप्राप्त संस्थांची राज्यवार यादी काराच्या संकेतस्थळावर आहे. मान्यता मुदतीची असते, म्हणून संस्थेत गेल्यावर प्रमाणपत्र बघायला मागा आणि त्यावरची तारीख वाचा. चांगल्या संस्थेला त्याचा राग येत नाही. शंका वाटली तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा, त्यांना जिल्ह्यातल्या प्रत्येक संस्थेची स्थिती माहीत असते.

तुम्ही नाव विचारलंय. महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे, पंढरपूरचा बालकाश्रम १८७५ मधला. पुण्यात ससून रुग्णालयाशी जोडलेल्या सोफोश संस्थेचं ‘श्रीवत्स’ आणि भारतीय समाज सेवा केंद्र, मुंबईत बाल आशा ट्रस्ट, अहिल्यानगरला स्नेहांकुर ही दत्तकाच्या क्षेत्रातली परिचित नावं. पण नाव ऐकून ठरवू नका. नावाजलेल्या संस्थेचीही आजची मान्यता यादीत पडताळून बघा, आणि गृहअभ्यासासाठी पहिली पसंती घराजवळच्या संस्थेला द्या. दोन वर्षांचा पाठपुरावा, अडीअडचणीला फोन, मुलाच्या शाळेच्या वयातले प्रश्न, या सगळ्याला जवळचं माणूस लागतं.

मान्यता हा फक्त उंबरठा झाला. आत काय बघायचं?

मी सगळ्यात आधी बघेन ती संस्था मुलाचे कागद कसे सांभाळते ते. बहुतेक पालक शिशुगृहाची स्वच्छता बघतात, बाळं गुटगुटीत आहेत का बघतात. ते बघाच. पण तुमचं मूल पंधरा-वीस वर्षांनी एक दिवस विचारेल, मी कुठून आलो? अठरा वर्षं पूर्ण झालेल्या दत्तक मुलाला आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो, त्याआधी पालकांसोबत. जन्मदात्या आईचं नाव तिच्या संमतीशिवाय सांगितलं जात नाही, आणि ते योग्यच आहे. पण मूल कोणत्या गावात, कोणत्या दिवशी, कशा अवस्थेत आलं, अंगावर काय होतं, सोबत चिठ्ठी होती का, पहिले महिने कुणी सांभाळलं, एवढं तरी संस्थेच्या फाइलमध्ये असायला हवं. काही संस्था मुलाच्या वाढीचे फोटो, पहिलं दुपटं, नाव कुणी ठेवलं याची नोंद जपून ठेवतात. काही ठिकाणी दोन ओळींचा अहवाल असतो आणि तोही सगळ्या मुलांचा सारखाच. पहिल्या भेटीत विचारा: पूर्वी दत्तक गेलेली मुलं मोठी होऊन परत आली तर तुम्ही त्यांच्याशी कसं बोलता, त्यांना काय दाखवता? उत्तर देणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावरून तुम्हाला पुष्कळ कळेल. ‘अशी मुलं येतच नाहीत’ हे उत्तर मला सगळ्यात वाईट वाटतं.

गृहअभ्यासाला येणाऱ्या समाजकार्यकर्तीची पारख तिच्या प्रश्नांवरून करा. घर केवढं आहे, पगार किती आहे एवढं लिहून चहा घेऊन उठली तर ते काम अपुरं आहे. चांगली कार्यकर्ती तुमच्या सासूबाईंशी वेगळं बोलेल. आयव्हीएफच्या वर्षांबद्दल विचारेल. तुमच्या यजमानांना खरंच हवंय की ते तुमच्यासाठी हो म्हणताहेत, हे काढून घेईल. मूल सावळं असेल, अंगापिंडाने बारीक असेल तर नातेवाईक काय बोलतील आणि तुम्ही त्यांना काय उत्तर द्याल, हेही विचारेल. असे प्रश्न टोचतात, पण त्यांत तुमच्या मुलाची काळजी असते. कागदपत्रं दिल्यापासून ६० दिवसांत हा अहवाल व्हायला हवा आणि तो तीन वर्षं चालतो.

मग पुष्कळ थांबल्यावर एक दिवस मोबाइलवर मुलाचा फोटो येतो. सोबत बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल असतो. ते मूल राखून ठेवायला तुम्हाला ४८ तास मिळतात, त्यानंतर संस्थेत जाऊन भेटून स्वीकारायला काही दिवस. त्या घाईत लोक वैद्यकीय अहवाल नीट वाचत नाहीत. तो तुमच्या विश्वासातल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवण्याचा तुम्हाला हक्क आहे, नियमात तसं लिहिलेलं आहे. म्हणून डॉक्टर आत्ताच ठरवून ठेवा. जन्माचं वजन, डोक्याचा घेर, मान कधी धरली, रक्ताच्या तपासण्या, लसी, हे त्यांनी बघितलं पाहिजे. मूल अशक्त असणं, थोडं मागे असणं हे शिशुगृहात वारंवार दिसतं आणि घरच्या मायेने पुष्कळ भरून निघतं. संस्था ते सांगते की झाकते, हा खरा मुद्दा. ‘काही नाही हो, एकदम ठणठणीत’ म्हणणाऱ्या संस्थेपेक्षा ‘हिला दोनदा न्यूमोनिया झाला, हे त्याचे कागद’ म्हणणारी संस्था मला शंभर पटीने विश्वासाची वाटते.

आणि तिथल्या मावश्यांशी बोला. ट्रस्टींशी नंतर बोला, आधी मावश्यांशी. कसं झोपतं, कुशीवर की पालथं, दूध बाटलीने की वाटी-चमच्याने, रडलं की काय केलं की थांबतं, अंगाई कोणती म्हणता. ज्या शिशुगृहात मावशीला प्रत्येक बाळाचं हे माहीत असतं तिथे बाळांना कुणीतरी उचलून घेतं. सारख्या मावश्या बदलतात का, तेही विचारा. बाळाचं वापरलेलं दुपटं न धुता मागून घ्या. नव्या घरात पहिले काही दिवस त्याला त्या वासाचा आधार लागतो.

थांबण्याबद्दल खोटा दिलासा देणार नाही. २०२४-२५ या वर्षात देशभरात ४,५१५ मुलं दत्तक गेली, आणि तो वर्षभराचा मोठा आकडा मानला गेला. रांगेत असलेली घरं त्याच्या कित्येक पट आहेत. दोन वर्षांच्या आतलं निरोगी बाळ हवं असेल तर तीन वर्षांहून जास्त वाट पाहण्याची तयारी ठेवा. तुमच्या दोघांच्या वयाची बेरीज ७५ आहे, दोन वर्षांच्या आतल्या मुलासाठी ती ८५ पर्यंत चालते. म्हणून नोंदणी लांबवू नका. चार-पाच वर्षांचं मूल चालेल का, याचा शांतपणे विचार करा, पण नंबर लवकर लागतो एवढ्याच कारणासाठी हो म्हणू नका. विशेष गरजा असलेल्या मुलाबाबतही तेच. त्या मुलांना घाईने निर्णय घेणारे पालक नकोत.

कुणी नुसत्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून ‘दत्तकपत्र’ करून देतो म्हणालं तर फसू नका. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ खाली आई-वडील आपलं मूल थेट देऊ शकतात, नात्यात असं होतंही. पण त्यातसुद्धा पैशाची देवघेव गुन्हा आहे.

राहता राहिल्या सासूबाई. माहेरी जाऊन राहण्याची त्यांची कल्पना तुम्हाला बोलणी बसू नयेत म्हणून आलेली दिसते, त्यात त्यांचं तुमच्यावरचं प्रेमही असेल. पण ते खोटं त्या मुलाला जन्मभर वागवावं लागेल आणि गावात ते कुणीतरी फोडेलच, तेही बहुधा एखाद्या लग्नाच्या मांडवात. मुलाला दत्तकाची गोष्ट तुमच्या तोंडून, अगदी लहानपणापासून कळली पाहिजे. त्यांना हे तुम्ही समजावू नका, तुमच्या यजमानांनी समजवायचं. आणि गृहअभ्यासाआधी एकदा संस्थेच्या पालक मेळाव्याला त्यांना सोबत न्या. तिथे दुसऱ्या आज्या भेटतील. नातवाला मांडीवर घेऊन बसलेली एखादी आजी त्यांच्याशी जे बोलेल ते मला किंवा तुम्हाला जमणार नाही.

या आठवड्यात एवढं करा: नर्सबाईंना नकार आणि १०९८ ला फोन. मग दोघांचे पॅन कार्ड, जन्मतारखेचा पुरावा, विवाह नोंदणी दाखला, उत्पन्नाचा आणि राहण्याचा पुरावा, डॉक्टरांचं प्रमाणपत्र गोळा करून काराच्या संकेतस्थळावर नोंदणी. ती मोफत आहे आणि स्वतः करता येते, सायबर कॅफेतल्या एजंटाला त्यासाठी हजारो रुपये देऊ नका. कागद चढवायला नोंदणीपासून ३० दिवस असतात. विवाह नोंदणी राहिली असेल तर ती आधी करून घ्या, पुष्कळ जोडप्यांचं घोडं तिथेच अडतं.